प्रायमरी की: नॅचरल, की सरोगेट?

नव्या टेबलाची रचना करताना बहुतेक जण पहिल्याच ओळीत 'आयडी' नावाचा कॉलम टाकतात, त्याला आपोआप वाढणारा क्रमांक लावतात आणि पुढच्या कॉलमांकडे वळतात. प्रायमरी कीचा, म्हणजे टेबलातील प्रत्येक ओळ ज्यावरून वेगळी ओळखायची त्या कॉलमाचा, प्रश्न त्यांच्या लेखी तिथेच मिटलेला असतो. माझ्या मते तो तिथे नीट विचारलाही गेलेला नसतो, कारण प्रायमरी कीकडून आपण दोन वेगळी कामे करून घेतो आणि त्यांतील एकच काम या आयडीने होते.

पहिले काम ओळखीचे असते: वास्तवातील एकाच गोष्टीच्या दोन ओळी टेबलात होऊ न देणे. दुसरे काम संदर्भाचे असते: इतर टेबलांना या ओळीकडे बोट दाखवता यावे, यासाठी एक स्थिर आणि आटोपशीर मूल्य पुरवणे. नॅचरल की म्हणजे माहितीतच मुळात असलेला, बाहेरच्या जगालाही ठाऊक असलेला गुणधर्म, उदाहरणार्थ पुस्तकावर छापलेला आयएसबीएन क्रमांक किंवा देशाचा कोड. ती पहिले काम चोख करते, दुसऱ्यात मात्र कधीकधी कमी पडते. सरोगेट की म्हणजे डेटाबेसने स्वतः तयार केलेले, बाहेर काहीही अर्थ नसलेले मूल्य. ती दुसरे काम उत्तम करते आणि पहिले अजिबात करत नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत, मांडले तेव्हा प्रायमरी की ही संज्ञा त्यात होतीच. १९७९ साली मॉडेलचा विस्तार करताना त्यांनी सरोगेटची कल्पनाही मांडली, पण ते मूल्य वापरकर्त्याला कधी दिसू नये अशी त्यांची अपेक्षा होती. आज तेच मूल्य आपण वेबपत्त्यात उघडपणे छापतो, ही गंमत जाता जाता नोंदवून ठेवतो.

ओळखीचे काम सुटले म्हणजे काय होते, ते मी एका कामात जवळून पाहिले आहे. सभासदांच्या टेबलात आयडी ही प्रायमरी की होती आणि ईमेलवर कोणतेही बंधन नव्हते. नोंदणीच्या पानावरील बटण संथ नेटवर्कमुळे एखाद्याने दोनदा दाबले, तर ४१८७२ आणि ४१८७३ अशा दोन ओळी तयार होत. नाव तेच, ईमेल तोच, वेळही जवळजवळ तीच. डेटाबेसच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या. पुढे काही व्यवहार पहिल्या आयडीला चिकटले, काही दुसऱ्याला, आणि ही गोष्ट लक्षात आली तेव्हा अशा जोड्या शेकड्यांनी साचल्या होत्या. ओळी पुसणे सोपे होते. कोणत्या आयडीखालचे कोणते व्यवहार कोठे न्यायचे, हे ठरवण्यात दिवस गेले.

पहिली पायरी: आयडी बाजूला ठेवून उमेदवार की शोधणे

टेबलाचा आराखडा कागदावर काढावा आणि त्यात आयडी लिहूच नये. मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा: दोन ओळी समोर आल्या, तर त्या एकाच गोष्टीविषयी आहेत हे मला कशावरून कळेल? ज्या कॉलमावरून किंवा कॉलमांच्या ज्या जोडीवरून ते कळते, ती उमेदवार की. एका टेबलात अशा अनेक असू शकतात आणि त्या सगळ्या लिहून ठेवाव्यात.

हा प्रश्न बऱ्याचदा टेबल नेमके कशाचे आहे, हेच उघडे पाडतो. ग्रंथालयाच्या संगणकीकरणातील 'पुस्तके' हे टेबल घेऊ. एका ओळीचा अर्थ काय? एखादी साहित्यकृती, तिची एक विशिष्ट आवृत्ती, की कपाटात ठेवलेली एक प्रत? आयएसबीएन आवृत्तीला मिळतो. त्याच पुस्तकाची पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांचे आयएसबीएन वेगळे असतात. प्रत्येक प्रतीची ओळख तिच्यावर घातलेल्या दाखल क्रमांकाने होते. म्हणजे येथे किमान दोन टेबले हवीत, कदाचित तीन. आयडी टाकून पुढे गेलेल्या माणसाला हे कळायला सहा महिने लागतात. उमेदवार की सापडतच नसेल, तर टेबलाची व्याख्याच अजून पक्की झालेली नाही असे समजावे.

दुसरी पायरी: प्रत्येक उमेदवाराची परीक्षा घेणे

सापडलेली नॅचरल की प्रायमरी की होण्यास योग्य आहे का, हे तपासताना पहिली शंका उपलब्धतेची घ्यावी. ओळ भरण्याच्या क्षणी ते मूल्य नक्की हाताशी असेल का? प्रायमरी कीमध्ये नल, म्हणजे रिकामे मूल्य, चालत नाही. आयएसबीएनची पद्धत रूढ होण्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांना तो क्रमांक नाहीच, आणि ग्रंथालयात अशी पुस्तके असणारच. मग कोणी तरी '०००' किंवा 'नाही-१', 'नाही-२' असली बनावट मूल्ये भरू लागतो. तेथे तुमची नॅचरल की गुपचूप सरोगेट झालेली असते, तीही वाईट प्रतीची.

दुसरी शंका मूल्य देणाऱ्याविषयी असावी. कोड जर बाहेरची संस्था देत असेल, तर त्याचे नियम तिच्या हातात असतात, तुमच्या नव्हे. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहा अंकांऐवजी तेरा अंकांचा झाला. ज्यांनी दहा अक्षरांचा कॉलम प्रायमरी की म्हणून ठेवला होता, त्यांना तो कॉलम आणि त्याकडे निर्देश करणारे प्रत्येक टेबल बदलावे लागले. त्याहून बोलके उदाहरण देशांच्या दोन अक्षरी कोडांचे आहे. आयएसओ ३१६६ या मानकात 'सीएस' हा कोड चेकोस्लोव्हाकियाचा होता. तो देश १९९३ साली विभागला गेला आणि २००३ साली तोच कोड सर्बिया आणि माँटेनिग्रोला देण्यात आला. जुन्या नोंदींतील 'सीएस' आणि नव्या नोंदींतील 'सीएस' हे वेगवेगळे देश आहेत, हे त्या मूल्याकडे पाहून कधीच कळणार नाही. उलट चलनांच्या कोडांमध्ये, २००५ साली तुर्कस्तानने लिरावरील सहा शून्ये काढली तेव्हा 'टीआरएल'च्या जागी 'टीआरवाय' हा नवा कोड आला आणि जुने व्यवहार जुन्या कोडाखाली सुरक्षित राहिले. दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकेच. पण एकाने कोड पुन्हा वापरला आणि दुसऱ्याने नवा दिला. म्हणून 'मानक आहे' एवढ्यावर विसंबू नये.

तिसरी शंका बदलाची, आणि येथे बहुतेकांचा विचार अर्धवट राहतो. 'आयएसबीएन कधी बदलत नाही' हे विधान खरे मानले, तरी तो टंकताना चुकू शकतो, आणि चूक दुरुस्त करणे हाही डेटाबेसच्या दृष्टीने कीमधील बदलच असतो. इतर अंकांवरून काढलेल्या शेवटच्या तपासणी अंकामुळे बऱ्याच चुका पकडल्या जातात हे खरे. परंतु तेरा अंकी आयएसबीएनमध्ये लगतच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, तर त्यांची अदलाबदल झालेली तपासणी अंकाला कळत नाही. बदल करावा लागलाच, तर मूळ की बदलताच तिच्याकडे निर्देश करणारी मूल्येही बदलणारे 'ऑन अपडेट कॅस्केड' हे साधन पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींत आहे, ओरॅकलमध्ये नाही. शिवाय ते तुमच्या डेटाबेसपुरतेच चालते. बाहेर पाठवलेल्या अहवालांत, कॅशमध्ये, दुसऱ्या प्रणालीने साठवलेल्या नोंदींत जुने मूल्य तसेच राहते.

खासगीपणाची शंका थोडक्यात सांगतो. सरकारी ओळख क्रमांक किंवा फोन क्रमांक प्रायमरी की केला, तर तो फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीकडे निर्देश करणाऱ्या कॉलमाच्या, रूपाने प्रत्येक टेबलात, प्रत्येक लॉगमध्ये पसरतो. असे मूल्य प्रायमरी की करू नये; यात मला अपवाद दिसत नाही.

तिसरी पायरी: टेबलाचा प्रकार पाहून ठरवणे

संपूर्ण डेटाबेससाठी एकच नियम करण्याचा मोह आवरावा. चलन, भाषा, व्यवहाराची स्थिती असल्या लहान कोड-टेबलांना नॅचरल की शोभून दिसते. व्यवहारांच्या टेबलात '७' असे लिहिलेले असण्यापेक्षा चलनाचा तीन अक्षरी कोड लिहिलेला असेल, तर तो वाचण्यासाठी चलनांच्या टेबलाशी जोडणी करावी लागत नाही आणि रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याला अर्थ लगेच समजतो. आपण स्वतः ठरवलेले स्थितीचे कोड तर आपल्याच ताब्यात असतात, त्यामुळे बाहेरच्या संस्थेची भीतीही उरत नाही.

दोन टेबलांना जोडणाऱ्या टेबलात, म्हणजे 'लेखक' आणि 'पुस्तक' यांच्या नात्यासारख्या टेबलात, दोन्ही फॉरेन कीज मिळून प्रायमरी की करावी. तेथे वेगळा आयडी टाकल्याने एक कॉलम आणि एक इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) वाढतो, आणि जोडीवर युनिक बंधन, म्हणजे तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारे बंधन, घालायचे राहून गेले तर एकच लेखक एकाच पुस्तकाला तीनदा जोडला जातो. त्या नात्याकडेच पुढे इतर टेबले निर्देश करणार असतील, किंवा तुमच्या फ्रेमवर्कला अनेक कॉलमांची की नीट हाताळता येत नसेल, तर आयडी घेण्यास हरकत नाही. जॅंगो या वेब फ्रेमवर्कमध्ये अशी की अधिकृतपणे २०२५ सालच्या ५.२ आवृत्तीत आली, यावरून हा अडसर किती काळ खरा होता हे लक्षात येईल.

सभासद, पुस्तक, ग्राहक यांसारख्या मुख्य टेबलांना मात्र मी जवळजवळ नेहमी सरोगेट की देतो. त्यांच्याकडे अनेक टेबले बोट दाखवतात, त्यांचे गुणधर्म बदलतात आणि त्यांच्याविषयीची माहिती अपुरी असतानाही ओळ तयार करावी लागते.

अनेक कॉलमांच्या कीची एक शक्ती सहसा दुर्लक्षित राहते, म्हणून ती जरा सविस्तर पाहू. समजा ग्रंथालयाच्या अनेक शाखा आहेत आणि सभासदाला फक्त आपल्याच शाखेतील प्रत नेता येते. सभासदाची प्रायमरी की 'शाखा, सभासद क्रमांक' अशी असेल आणि प्रतीची 'शाखा, दाखल क्रमांक' अशी असेल, तर देवघेवीच्या टेबलात शाखा हा एकच कॉलम ठेवून दोन्ही फॉरेन कीज त्यातूनच जातात. मग एका शाखेच्या सभासदाला दुसऱ्या शाखेची प्रत देणारी ओळ लिहिताच येत नाही; डेटाबेस ती नाकारतो. आता दोन्हींना सुटे आयडी देऊन पाहा. देवघेवीच्या ओळीत सभासद ९१० आणि प्रत ५५०३ असे दोन आकडे उरतात, आणि त्यांची शाखा एकच आहे का, हे पाहण्याची जबाबदारी प्रोग्रामवर येऊन पडते. यावर तोडगा आहे: आयडी प्रायमरी की राहू द्यावी, पण दोन्ही टेबलांत 'शाखा, आयडी' या जोडीवर युनिक बंधन घालावे आणि देवघेवीच्या टेबलातून त्या जोडीकडे फॉरेन की न्यावी. वरवर पाहता हे बंधन अनावश्यक वाटते, कारण आयडी एकटाच अद्वितीय आहे. पण त्याच्यामुळेच शाखेचा मेळ डेटाबेसला राखता येतो. एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकसंस्थांचा डेटा ठेवणाऱ्या प्रणालींत तर ही युक्ती सोडू नये.

चौथी पायरी: सरोगेट कीचा प्रकार निवडणे

सरोगेट घ्यायची ठरल्यावर क्रमांक घ्यावा की यूयूआयडी, म्हणजे कोठेही तयार केले तरी दुसऱ्याशी न जुळणारे लांब मूल्य, हा प्रश्न येतो. एकाच डेटाबेसमध्ये सर्व ओळी तयार होत असतील, तर आपोआप वाढणारा आठ बाइटांचा पूर्णांक घ्यावा. चार बाइटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे; ती संपते त्या दिवशी नवी ओळ घालता येत नाही आणि चालू प्रणालीत कॉलमचा प्रकार बदलणे हे मोठे काम होऊन बसते. आठ बाइटांची मर्यादा एकोणीस अंकी आहे. पोस्टग्रेसमध्ये यासाठी दहाव्या आवृत्तीपासून आयडेंटिटी कॉलम उपलब्ध आहे आणि जुन्या 'सीरियल'पेक्षा तोच वापरावा.

या क्रमांकांत खंड पडतात, हे आधीच मान्य करून टाकावे. डेटाबेसमधील व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे घेतला, तरी त्यासाठी घेतलेला क्रमांक परत जात नाही. त्यामुळे पावती क्रमांकासारखी सलग मालिका हवी असेल, तर तो वेगळा कॉलम ठेवावा आणि त्याचे नियम वेगळे लिहावेत. हिशेबनीसाला आयडी दाखवून '१०१७ नंतर एकदम १०१९ कसा?' या प्रश्नाला उत्तर देत बसू नये. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत इनोडीबी या तिच्या साठवण-यंत्रणेचा गणक सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर टेबलातील कमाल मूल्यावरून ठरत असे. म्हणजे शेवटची ओळ पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर पुसलेल्या ओळीचाच आयडी नव्या ओळीला मिळे. असा जुना डेटा हाताळत असाल, तर 'आयडी पुन्हा कधीच वापरला जात नाही' असे गृहीत धरू नका.

चढत्या क्रमांकांतून माहितीही झिरपते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरील अनुक्रमांकांवरून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी उत्पादनाचा अंदाज बांधला होता. तुमच्या वेबपत्त्यातील क्रमांकावरून रोजचे व्यवहार मोजणे त्याहून सोपे आहे. बाहेर दाखवण्यासाठी वेगळा यादृच्छिक कॉलम ठेवावा. मात्र अंदाज न बांधता येणारा आयडी म्हणजे सुरक्षा नव्हे. ही ओळ पाहण्याचा या व्यक्तीला अधिकार आहे का, ही तपासणी प्रत्येक वेळी करावीच लागते.

ओळी अनेक ठिकाणी, उदाहरणार्थ नेटवर्कविना चालणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये, तयार होऊन नंतर एकत्र येणार असतील, तर यूयूआयडी घ्यावा. तो १२८ बिटांचा, म्हणजे सोळा बाइटांचा असतो, आणि तो त्याच प्रकारच्या कॉलमात साठवावा. ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून साठवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. इनोडीबीमध्ये टेबलाची मांडणीच प्रायमरी कीच्या क्रमाने होते आणि इतर प्रत्येक इंडेक्समध्ये प्रायमरी कीचे मूल्य जोडलेले असते, त्यामुळे लांब की प्रत्येक इंडेक्स फुगवते. यूयूआयडीची चौथी आवृत्ती यादृच्छिक असल्यामुळे नव्या ओळी इंडेक्सभर विखुरतात आणि त्याची पाने, म्हणजे साठवणीचे ठरावीक आकाराचे तुकडे, पुन्हा पुन्हा दुभंगतात. २०२४ साली प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतील वेळेचे असतात, म्हणून मूल्ये साधारण चढत्या क्रमाने येतात. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच निवडावी, फक्त ओळ कधी तयार झाली हे त्या मूल्यावरून वाचता येते याचे भान ठेवून.

पाचवी पायरी: नॅचरल कीवर युनिक बंधन घालणे

ही पायरी वगळायची असेल, तर आधीच्या चारही वगळल्या तरी चालतील. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेल्या प्रत्येक उमेदवार कीवर, ती प्रायमरी की झालेली नसली तरी, युनिक बंधन घालावे. प्रोग्राममध्ये 'आधी शोधा, नसेल तर घाला' असे लिहिणे पुरेसे नसते, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी शोधतात, दोघींनाही काही सापडत नाही आणि दोघीही ओळ घालतात. माझ्या त्या ४१८७२ आणि ४१८७३ यांचे हेच झाले होते.

बंधन घालताना नलचे वर्तन तपासावे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये युनिक कॉलमात कितीही नल चालतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो. पोस्टग्रेसच्या पंधराव्या आवृत्तीपासून नल समान मानण्याचा पर्याय देता येतो. आयएसबीएन नसलेल्या जुन्या पुस्तकांसाठी अनेक नल चालणे सोयीचेच आहे. ओळी प्रत्यक्ष न पुसता 'पुसली' अशी खूण करण्याची पद्धत असेल, तर बंधन फक्त जिवंत ओळींना लागू करावे. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर येथे अटीसह इंडेक्स करता येतो.

मजकुरावरील बंधनात आणखी एक खाच आहे, आणि देवनागरी डेटा हाताळणाऱ्यांना ती हमखास भेटते. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही 'गोऱ्हे' तंतोतंत सारखे दिसतात. बाइट पडताळून पाहणाऱ्या तुलनेला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि युनिक बंधन दोन्ही मुकाट्याने स्वीकारते. अदृश्य जोडणारी अक्षरे आणि शेवटी राहिलेली मोकळी जागा यांचेही तेच. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणावा, कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि मगच बंधनावर विश्वास ठेवावा.

चालू टेबलात नॅचरल कीकडून सरोगेटकडे जाताना

आधीच नॅचरल की वापरली असेल आणि ती जाचू लागली असेल, तर घाई न करता टप्प्यांनी जावे. मूळ टेबलात नवा आयडी कॉलम घालून त्यात मूल्ये भरावीत आणि त्यावर युनिक बंधन लावावे. प्रत्येक संबंधित टेबलात नवा फॉरेन की कॉलम घालावा आणि लिहिणारा प्रोग्राम जुना व नवा असे दोन्ही कॉलम भरू लागेल असा बदल करावा. त्यानंतरच जुन्या ओळी जुन्या कीवरून जोडून, हजार-पाच हजारांच्या तुकड्यांत भराव्यात. एकाच आज्ञेने सगळे टेबल बदलू पाहिले, तर ते बराच काळ कुलूपबंद राहते. नवा कॉलम रिकामा राहिलेल्या ओळी मोजाव्यात. त्या शून्य झाल्यावर नवी फॉरेन की लावावी, वाचणाऱ्या क्वेरी एकेक करून नव्या कॉलमाकडे वळवाव्यात आणि सर्वांत शेवटी प्रायमरी की बदलावी. जुन्या प्रायमरी कीचे बंधन काढण्याआधी त्याच कॉलमांवर युनिक बंधन तयार असले पाहिजे. या दोन आज्ञांचा क्रम चुकला, तर मधल्या काही मिनिटांत आलेल्या दुहेरी ओळींमुळे युनिक बंधन तयारच होत नाही आणि आधी त्या ओळी हाताने शोधून निस्तराव्या लागतात.